सात करवल्या, एक थान

लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात वरच्या मजल्यावर, पांढऱ्या गाद्यांवर टेकलेला घोळका बघूनच मुरलेला सेल्समन ओळखतो, ही मंडळी कशासाठी आलीत. शालूचं गिऱ्हाईक असेल तर आई, मावशी, एखादी काकू आणि कोपऱ्यात पिशव्या सांभाळत बसलेले वडील. मानपानाच्या साड्यांचं असेल तर हातात यादी, तोंडात ठरलेला भाव, आणि पाऊण तासात पंधरा साड्या बांधून मोकळे. तिसरा घोळका अलीकडे वाढलाय. पाच-सहा तरुण मुली, त्यांतली एक नवरी, आणि एकीच्या हातात उभा धरलेला फोन. फोनवर बंगळुरूची, नाहीतर थेट न्यू जर्सीची मैत्रीण, डोळे चोळत बसलेली. या घोळक्याचा पहिला प्रश्न भावाचा नसतो. "दादा, हीच साडी, ह्याच रंगात, सात मिळतील?"

सेल्समन पटकन हो म्हणत नाही. त्यात त्याचा आळस नाही. साडीचा धंदाच सात सारख्या नगांसाठी रचलेला नाही. सुरतेहून माल येतो तो सेटमध्ये. एक डिझाइन, आणि त्याचे चार, सहा किंवा आठ रंग. प्रत्येक रंगाचा एकेक नग. घाऊक व्यापारी सेट तोडून देत नाही, त्यामुळे किरकोळ दुकानदाराकडे राणी रंगाची एक साडी दिसली तर तिची जुळी बहीण त्याच कपाटात सापडायची शक्यता फार कमी. तीच बुट्टी, तोच काठ मोरपंखीत आहे, आमसुलीत आहे, मोतियात आहे. राणीत एकच. बाकीच्या सहा हव्या असतील तर मागवायला हव्यात. मागवल्या की लॉटचा प्रश्न येतो. रंगाईचा एक लॉट संपला आणि दुसरा लागला की रंग केसभर सरकतो. ते दुकानात कुणाच्या लक्षात येत नाही, ग्रुप फोटोत येतं. मग अल्बमभर पाच करवल्या एका रांगेतल्या आणि दोघी कुठूनतरी उसन्या आणल्यासारख्या दिसतात.

सात काय, सत्तर सारख्या साड्या मिळण्याची जागा बाजारात आहे. त्या मालाला 'युनिफॉर्म साडी' म्हणतात. शाळा, दवाखाने, पतसंस्था, भजनी मंडळं, भिशीची मंडळं यांच्यासाठी सुरतेत एकाच रंगाचा माल गठ्ठ्यानं छापला जातो, आणि त्यात वाईट असं काही नसतं. एका दुकानदारानं करवल्यांच्या घोळक्याला तो कॅटलॉग दाखवलेला मी बघितलाय. मुलींनी एकमेकींकडे बघितलं, नवरीनं "नको, काका" म्हटलं, आणि कॅटलॉग गादीखाली गेला. सारखं दिसायचंय, पण सारखं दिसायचं ठरवलंय हे दिसू द्यायचं नाही, अशी ती अवघड मागणी असते.

आपल्याकडच्या करवलीला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. अंतरपाट धरलेला असताना नवरीच्या मागे मामा आणि मामाच्या आजूबाजूला करवली, हातात पाण्यानं भरलेला करा किंवा शकुनाचा दिवा. नवऱ्याच्या बाजूची करवली वेगळी, तिचा मान वेगळा आणि तिचा रुसवा तर फारच वेगळा. करवलीला काम असायचं. मुंडावळ्या सरकल्या की नीट करायच्या, हार हातात द्यायचा, पदर आवरायचा, नवरीची पर्स सांभाळायची, होमाच्या धुरात तिचे डोळे पुसायचे. लग्नानंतर पाठराखीण म्हणून कुणीतरी सासरी सोबतीला जायची, ती बहुतेक धाकटी बहीण, नाहीतर आत्या किंवा आजी. या सगळ्या कामासाठी करवली नेसायची ते तिच्याकडचं चांगलं असेल ते: आईची पैठणी, मागच्या दिवाळीचा परकर-पोलका, वयात आली असेल तर थोरल्या बहिणीची नारायणपेठ. शिवाय मान म्हणून तिला साडी किंवा पोशाख मिळायचा. म्हणजे कापड तिच्याकडे चालत यायचं. ते घ्यायला तिनं पैसे भरायचे, ही कल्पनाच कुणाला सुचली नसती.

सगळ्यांनी एकसारखं घालायचं ही चाल आली ती चर्चच्या वाटेनं. १० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं तेव्हा तिच्या झग्याचा लांब घोळ उचलायला बारा मुली होत्या. त्यांचे पांढरे, पांढऱ्या गुलाबांनी सजवलेले पोशाख कसे असावेत याचं चित्र राणीनं स्वतः काढून दिलं होतं. चित्र नवरीनं काढायचं आणि घालायचं इतरांनी, हे तेव्हापासूनचं. २० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात आठ जणी होत्या आणि पोशाख नॉर्मन हार्टनेलचे होते. तेव्हा ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग चालू होतं. १९४१ साली लागू झालेलं ते १९४९ पर्यंत उठलं नाही. राजघराण्याच्या लग्नालाही कूपनं लागली. आपल्याकडे त्याच सुमारास कापड कंट्रोलच्या दुकानातून मिळत होतं, आणि त्या काळातल्या लग्नांच्या गोष्टी सांगणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्यात.

पण 'ब्राइड्समेड' आपल्यासाठी सगळीच परकी नाही. गोव्याच्या ख्रिस्ती लग्नात ती पिढ्यान् पिढ्या आहे. कोंकणीत ती धेडी, आणि नवऱ्याच्या बाजूचा तो धेडो. तिथे कपड्याचा मान किती मोठा, हे 'सादो' बघितला की कळतं. नवरीच्या तांबड्या पोशाखाचं कापड बेतायला शिंपी तिच्या घरी यायचा, घरच्या बायका जमायच्या, आणि कात्री लागली की गावाला कळावं म्हणून फटाके उडायचे. कापड कापणं हाच एक सोहळा. वसईत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन वस्त्यांमध्ये चर्चमध्ये पांढरा गाउन आणि उंबराचं पाणी आणायला जाताना लुगडं, असं दोन्ही एकाच लग्नात सुखानं नांदतं. हल्ली त्या पाण्याच्या मिरवणुकीत नवरीच्या मैत्रिणीही लुगडं नेसून, बँडच्या तालावर नाचत जातात.

या लग्नांतल्या धेडींचे कपडे कसे ठरतात हे नीट बघण्यासारखं आहे, कारण पुण्या-मुंबईच्या करवल्या ज्या जागी अडतात ती जागा तिथे येतच नाही. आई आणि मुलगी मंगलदास मार्केटला जातात, नाहीतर वांद्र्याला. सॅटिन किंवा जॉर्जेट पसंत करतात आणि हिशेब मीटरमध्ये मांडतात. पायघोळ ड्रेसला साडेतीन-चार मीटर. पाच धेडी असतील तर वीस मीटर, लहान फ्लॉवर गर्लचं थोडं, आणि धेड्यांच्या बो टायसाठी अर्धा मीटर वर. हे सगळं एकाच थानातून फाडून घेतात. रंगाचा प्रश्न तिथल्या तिथे मिटला. मग शिंप्याकडे प्रत्येकीचा ड्रेस तिच्या तिच्या अंगानं बेतला जातो: एकीला बंद गळा, एकीला कोपरापर्यंत बाह्या, एकीच्या कमरेला वर पट्टा. बऱ्याच पॅरिशमध्ये खांदे झाकलेले असावेत असा आग्रह असतो, म्हणून बिनबाह्यांच्या ड्रेसवर त्याच कापडाचं छोटं जॅकेट शिवतात. मिसा संपली की ते खुर्चीच्या पाठीवर जातं. थोडक्यात, कापड एक आणि बेत पाच. साडीवाल्या करवल्या करतात ते उलटं. त्यांना साडीही एक हवी, ब्लाउजही एक हवा आणि नेसणंही एक हवं, आणि अंगं मात्र सात असतात.

ब्लाउजपाशी हे सगळं उघडं पडतं. दादरच्या एका गल्लीतल्या शिंप्याकडे सात सारखे ब्लाउज दोरीवर टांगलेले होते. प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि वहीतला पान क्रमांक. साडीबरोबर येणारा रनिंग ब्लाउज पीस बहुधा ८० सेंटिमीटरचा असतो. बारीक अंगाच्या मुलीचा त्यात बाह्यांसकट ब्लाउज होतो आणि वर एक चिंधी उरते, तिची ती लटकन करते. अंगानं भरलेल्या मुलीचा होत नाही. मग पाठीला जोड, नाहीतर बाह्या आखूड, नाहीतर मॅचिंग सेंटरवर धाव. मॅचिंग सेंटरचा माणूस टू बाय टू रुबियाच्या गुंडाळ्यांतून डोळे मिटूनही नेमकी छटा काढून देईल, पण रुबिया सुती, साडी आर्ट सिल्कची. झळाळी जुळत नाही. सात जणींपैकी एक बाळंतीण होती. तिला पाठीमागे हुक नकोत, पुढे हवेत, हे तिच्या आईनं शिंप्याला हळूच येऊन सांगितलं. ग्रुपवर मुलीनं ते लिहिलं नव्हतं. तिथे 'बॅकलेस, डोरी आणि लटकन' असं ठरलं होतं आणि तिनंही अंगठा दाखवला होता. शिंप्यानं वहीत काही न बोलता खूण केली. "आत दोन-दोन बोटं माया सोडलीय सगळ्यांना," तो म्हणाला, "लग्नापर्यंत कोण बारीक होतं, कोण जाड, आपल्याला काय माहीत?"

याहून गंमत नऊवारीची. करवल्यांनी नऊवारी नेसायची असं हल्ली बऱ्याच घरांत ठरतं, आणि ठरतं ते शिवलेल्या नऊवारीवर. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी असे तिचे प्रकार पाटीवर लिहिलेले असतात. पायजम्यासारखी पाय घालून चढवायची, कमरेला नाडी ओढायची, पदर पिनअप, पाच मिनिटांत तयार. तिला कंबर, सीट आणि उंची अशी मापं लागतात. ज्या वस्त्राला कधी मापच लागलं नाही, जे पंधरा वर्षांच्या मुलीला आणि पंच्याहत्तर वर्षांच्या आजीला एकाच लांबीत पुरलं, ते आपण शिवून मापात बसवलं आणि मग ट्रायलला बोलवायला लागलो. घरात एखादी नेसवणारी बाई असेल तर सात नऊवाऱ्या न शिवता नेसवायला सकाळचे दोन तास लागतात, हे कबूल. लग्नाच्या सकाळी दोन तास कुणाकडेच नसतात, हेही कबूल. तरी मला ती नाडी पटत नाही.

रंगाबद्दल दुकानात जे संभाषण होतं ते पुस्तक होईल इतकं लांब असतं. जुनी बाई साडी खांद्यावर घेते आणि सरळ दुकानाच्या दाराशी जाते. "उजेडात बघू दे." ती बरोबर असते. दुकानातल्या दिव्यांखाली आमसुली दिसलेली साडी रस्त्यावर जांभळी निघते. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्याचा अशी धूपछाव असेल तर तीच साडी चालताना एक आणि बसल्यावर दुसरी. फोनवरच्या मैत्रिणीला तर तिसराच रंग दिसत असतो, कारण फोन आपल्या मतानं उजेड दुरुस्त करतो. आणि एवढं करून लग्न असतं हॉलमध्ये, जिथे डेकोरेटरनं स्टेजवर निळे-जांभळे दिवे सोडलेले असतात.

शिवाय काही रंग बाद असतात. पिवळा नको, कारण लग्न लागताना नवरी मामानं दिलेल्या पिवळ्या अष्टपुत्रीत असते आणि तिच्यामागे सात पिवळ्या उभ्या राहिल्या तर ती हरवते. हिरवा नको, चुड्याशी आणि शालूशी भांडेल. पांढरा आजी चालू देत नाही. काळ्यावरून मी एक रीतसर तह झालेला बघितला: नवरीला काळी खणाची साडी हवी होती, आजीचं म्हणणं काळं संक्रांतीला. शेवटी काळी साडी संगीताला नेसायची आणि लग्नाला डाळिंबी, असं ठरलं. तह झाला, पण खर्च दुप्पट झाला, आणि तो तह करणाऱ्या दोघींपैकी कुणीच भरणार नव्हतं.

इथे खरी गोम आहे. अमेरिकेत ब्राइड्समेडनं आपला पोशाख आपल्या पैशानं घ्यायचा अशी रीत आहे; ब्रिटनमध्ये तो खर्च बहुधा नवरीकडचे उचलतात. आपल्याकडे जुनी रीत ब्रिटनसारखी, मानाची. नवी रीत अमेरिकेची, आणि ती कधी बदलली हे कुणी बसून ठरवलं नाही. नवरी लिंक टाकते, खाली लिहिते 'सगळ्यांना चालेल ना?', आणि सगळ्यांचे अंगठे वर. साधी गोळाबेरीज करून बघा. सेमी पैठणी हजार-दोन हजारांत. फॉल-पिको आणि अस्तराच्या ब्लाउजची शिलाई धरली की आणखी हजाराच्या आसपास. नथ, ठुशी, बांगड्या तुळशीबागेतून घेतल्या तरी काहीशे. हा झाला लग्नाचा दिवस. हळदीला पिवळा ड्रेस, मेंदीला हिरवा, संगीताला घागरा. पूर्वी हळदीला घरातली सगळ्यात जुनी साडी नेसायचे, कारण तिला डाग पडणार हे ठाऊक असायचं. आता डाग पाडून घ्यायला नवीन कोरं आणतात. पहिल्या नोकरीतल्या मुलीला हे जड जातं. ती बोलत नाही, कारण मैत्रीत पैशाचं बोलायचं नसतं, आणि नवरी विचारत नाही, कारण अंगठा वर आलेला असतो. माझं मत सरळ आहे: जिनं साडी निवडली तिनं पैसे द्यावेत. द्यायचे नसतील तर रंग सांगावा आणि गप्प बसावं. बाकीचं सात जणी आपापल्या कपाटात बघतील.

परदेशातल्या मराठी लग्नांत ही ओढाताण आणखी वेगळी. न्यू जर्सीतल्या नवरीच्या मैत्रिणींमध्ये एखादी आयरिश असते, एखादी कोरियन. त्या आपल्या रीतीप्रमाणे पैसे द्यायला तयारच असतात. त्यांना फक्त साडी कशी नेसतात ते ठाऊक नसतं. मग त्यांची मापं इंचांत पुण्याला येतात, इथे निऱ्या घालून, शिवून तयार केलेली साडी स्कर्टसारखी चढवता येईल अशी होते आणि कुणाच्या तरी आत्याच्या बॅगेतून तिकडे जाते.  मापात चूक झाली तर दुरुस्त करणारा शिंपी तिथे सहजी मिळत नाही, म्हणून या साड्यांत माया जास्त सोडतात.

खऱ्या पैठणीत हा सारखेपणा परवडत नाही, हे येवल्याला गेलं की समजतं. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे हातमागावर एक साधी साडी विणायलाही दिवसच्या दिवस जातात, पदरावर मोर भरायचे असतील तर महिने. एका मागावर एका वेळी एकच साडी. सात सारख्या हव्यात म्हणून सांगितलं तर विणकर नाही म्हणणार नाही, पण लग्नाची तारीख विचारून घेईल आणि मग हसेल. करवल्यांच्या अंगावर जे 'पैठणी' म्हणून दिसतं ते बहुतेक यंत्रमागावरचं असतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त नवरीची खरी असेल तर मागे सात नकली मोर नाचवून तिचा मोर फिका का करायचा, एवढंच मला कळत नाही.

साताऱ्याकडच्या एका घरात मात्र मी हा गुंता फार सोप्या हातानं सुटलेला बघितला. नवरीच्या आत्यानं, जी स्वतः कधीकाळी साडीच्या दुकानात हिशेब लिहायची, दुकानदाराला विचारलं, "सेट आहे का पुरा?" होता. एक डिझाइन, आठ रंग. तिनं आख्खा सेट उचलला. सेट मोडत नाही म्हटल्यावर दुकानदारानंही भाव सोडला. आठपैकी पिवळी ठेवली बाजूला, उरलेल्या सात घरी गादीवर पसरल्या आणि मुलींना सांगितलं, उचला. पाच मिनिटं आरडाओरडा झाला, मोरपंखीसाठी दोघींत चिठ्ठी टाकावी लागली, आणि झालं. काठ एक, बुट्टी एक, रंग सात. ब्लाउज जिचा तिनं आपल्या मापानं, आपल्या शिंप्याकडे शिवून घेतला. जिला बाह्या लांब हव्या होत्या तिनं लांब घेतल्या. पैसे आत्यानं दिले. पुढे त्या साड्या हळदीकुंकवाला, ऑफिसच्या गणपतीला, कुणाच्या तरी डोहाळजेवणाला दिसत राहिल्या, कारण सातही एकाच जागी आल्या तरच लग्न आठवतं, एकटी आली तर ती नुसती चांगली साडी असते. पिवळी आत्यानं स्वतः ठेवली.

जिथे आत्या नसते तिथे भाड्याचा पर्याय आहे, आणि तो वाढतोय. पुण्यात, दादरला, ठाण्याला शिवलेली नऊवारी दागिन्यांसकट दोन दिवसांसाठी मिळते. वांद्र्यात गाउन मिळतात. भाडं विकतच्या किमतीच्या मानानं किरकोळ, डिपॉझिट मात्र चांगलं. एका दुकानात काउंटरवर नियमांची पाटी लावली होती. मोती तुटल्यास वेगळे पैसे. शिवण उसवल्यास चालेल. हळदीचा डाग पडल्यास डिपॉझिट परत मिळणार नाही. खाली कुणीतरी पेनानं जोडलं होतं: गुलालाचाही.